आधी माणूस तापवा, मग घर: जपानच्या बर्फाळ खेड्यातला पहिला हिवाळा

नोव्हेंबरच्या शेवटी एखाद्या रात्री इथे ढग गडगडतात. आपल्याकडे गडगडाट म्हणजे वळीव नाहीतर मृग. पहिल्या वर्षी मी अंथरुणातच 'पाऊस येतोय, कपडे बाहेर राहिले' असं पुटपुटत उठले होते. सकाळी शेजारच्या आजी म्हणाल्या, हा 'युकि-ओकोशी', बर्फाला जागं करणारा गडगडाट. पंधरवड्यात आमची अंगणातली सायकल दिसेनाशी झाली. ती एप्रिलमध्ये सापडली.

मी राहते ते गाव निइगाता प्रांतातल्या तोकामाचीच्या डोंगराळ भागात आहे. नकाशात पाहिलंत तर हे गाव अथेन्सच्याही थोडं दक्षिणेला येतं, मग इतका बर्फ कसा? कोकण आणि सह्याद्री आठवा. सायबेरियाकडून येणारा कोरडा, थंड वारा जपानच्या समुद्रावरून येताना तिथल्या कोमट प्रवाहाची वाफ उचलतो आणि डोंगराला आदळला की सगळं ओझं इथेच टाकतो. डोंगरापलीकडचं तोक्यो म्हणजे आपला माणदेश: कोरडी हवा आणि निळं आभाळ. फरक इतकाच की कोकणात पाणी वाहून जातं, इथे ते साठतं. दोन मीटर बर्फ साठला तरी गावात कुणी त्याची बातमी करत नाही.

पुण्यात जपानी शिकून नोकरीनिमित्त इकडे येणारे बरेच जण तोक्यो-ओसाका डोळ्यांपुढे ठेवून येतात. त्यातल्या कुणाची नेमणूक खेड्यात झाली आणि जुनं लाकडी घर स्वस्तात मिळालं, तर हे सगळं त्यांच्यासाठी आहे. पहिली चूक बहुतेक सगळे एकच करतात, मीही केली: घर गरम करायला जातात. जुनं जपानी घर उन्हाळ्यातल्या दमट हवेसाठी बांधलेलं असतं. कागदी दारं, सरकत्या भिंती, जमिनीखालून खेळणारा वारा. ते तापवणं म्हणजे फुटक्या रांजणात पाणी भरणं. इथली माणसं तो नाद करत नाहीत. ती बसायची जागा, झोपायची जागा आणि स्वतःचं अंग तापवतात. आपल्याकडे आजी शेगडीपाशी गोधडी पांघरून बसायची, तोच हिशेब.

ऑक्टोबर: एक खोली निवडा

सगळं घर वापरायचा मोह सोडा. स्वयंपाकघराला लागून असलेली, शक्यतो दक्षिणेकडची एकच खोली हिवाळ्यासाठी ठेवा. सहा ते आठ चटयांची पुरते. जपानात खोली चटयांनी मोजतात, सहा चटया म्हणजे जेमतेम दहा चौरस मीटर. बाकीच्या खोल्यांची दारं लावून टाका. तिथे बटाटे, कांदे, कोबी ठेवा, फ्रिजची निम्मी कामं होतील.

मग खिडक्या. काचा इथे बहुधा एकेरी आणि चौकट ॲल्युमिनियमची, म्हणजे सगळी ऊब तिथूनच पळते. सामान गुंडाळायचं फुग्याफुग्यांचं प्लॅस्टिक (याला इथे 'पुचिपुचि' म्हणतात, नावातच फुगे फुटतात) काचेवर पाणी शिंपडून चिकटवा. हार्डवेअरच्या मोठ्या दुकानात खिडक्यांसाठीचं वेगळं मिळतं. फटींना स्पंजची पट्टी लावा. पडदा जमिनीपर्यंत लोळला पाहिजे. अर्ध्यावर लटकणारा पडदा थंड हवेला खालून वाट करून देतो. तळमजल्याच्या खिडक्यांवर बाहेरून फळ्या लावायची पद्धत आहे, तिला 'युकिगाकोइ' म्हणतात. घराबरोबर त्या फळ्या मिळाल्या असतील तर लाकूडफाटा समजून जाळू नका. छपरावरून घसरलेला बर्फ खिडकीला टेकतो तेव्हा काच त्याच वाचवतात. खोली अंधारी होते, हे मात्र खरं.

याच महिन्यात 'कामेमुशी' घरात शिरतात. करवंदाएवढे, तपकिरी, चिरडले तर खोलीभर वास सोडणारे किडे. हाताने मारू नका, रुंद चिकटपट्टीने उचला आणि पट्टीची घडी घाला. ज्या वर्षी कामेमुशी फार, त्या वर्षी बर्फ फार, असं गावातले म्हातारे सांगतात. पावशा ओरडला की पाऊस येतो, तितकाच त्यावर भरवसा ठेवायचा, पण ऐकून रॉकेल जरा जास्त भरायचं.

रॉकेल

हो, रॉकेलच. आपल्याकडे रेशनच्या रांगेबरोबर ते घरातून गेलं, इथे ते हिवाळ्याचा कणा आहे. जपानीत 'तोयु'. अठरा लिटरच्या प्लॅस्टिकच्या डब्यातून आणतात. पूर्व जपानात डबा लाल, पश्चिमेकडे निळा. पेट्रोल पंपावर मिळतं, नाहीतर घरपोच गाडी येते. दुकानदाराशी आधी बोलून ठेवलंत तर तो आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी डबे भरून जातो. पाठ वाचते. भरलेला डबा पंधरा किलोच्या आसपास होतो आणि वाट निसरडी असते.

आपलं रेशनचं रॉकेल निळं असायचं. इथलं पाण्यासारखं स्वच्छ दिसतं. म्हणून पाण्याच्या बाटलीत ते कधीही काढून ठेवू नका, लहान मूल घरात असेल तर मुळीच नाही. पेट्रोल आणि रॉकेलचे डबे शेजारी ठेवू नका, चुकून अदलाबदल झाली तर घर जाईल. गेल्या वर्षीचं उरलेलं रॉकेल वापरू नका, उन्हाळ्यात ते खराब होतं आणि हीटर बंद पाडतं.

आता शेगडी कोणती घ्यायची? दोन प्रकार आहेत. एक पंख्याची: विजेवर पेटते, खोली पटकन तापवते, ठरलेल्या तापमानाला थांबते. दुसरी जुन्या वळणाची गोल, वातीची, वर किटली ठेवायला जागा असलेली. दुकानदार पहिली घ्यायला सांगेल. ती घ्या, पण वातीची एक जुनी तरी हवीच. ओल्या, जड बर्फाने तारा तुटतात, वीज जाते आणि पंख्याची शेगडी त्या क्षणी शोभेची वस्तू होते. वातीची मात्र काडी लावली की पेटते. शिवाय तिच्यावर रताळी भाजता येतात, डाळ शिजते, तूप कढवता येतं. वीज गेलेल्या एका रात्री आम्ही तिच्यावर पिठलं केलं होतं. ते पिठलं बरं झालं होतं की भुकेने चांगलं लागलं, सांगता येत नाही.

तिचा त्रासही समजून घ्या. ही शेगडी खोलीतलीच हवा खाते, तेव्हा तासातून एक-दोनदा खिडकी मिनिटभर उघडाच. झोपताना बंद करा, 'मंद ठेवू' हा विचारही नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. लिटरभर रॉकेल जळलं की जवळजवळ लिटरभर पाण्याची वाफ होते, ती रात्री काचेवर जमते आणि सकाळी खिडकीखाली थारोळं असतं. रोज पुसा, नाहीतर फेब्रुवारीपर्यंत पडद्याला बुरशी धरते. ज्या हीटरची नळी भिंतीतून बाहेर जाते, तिच्या तोंडाशी साठलेला बर्फ रोज काढा. आंघोळीच्या गीझरचंही तेच.

कोतात्सु

चौरंगापेक्षा थोडं उंच टेबल, त्याच्या पोटात हीटर, वरून चारी बाजूंनी जमिनीपर्यंत रजई आणि रजईवर फळी. पाय आत घालून बसायचं. बस्स, इतकंच यंत्र. पूर्वी आत कोळशाची शेगडी असायची, आता वीज असते. पेटीवर पाचशे-सहाशे वॅट लिहिलेलं असतं, पण कमीवर ठेवला तर त्याहून कितीतरी कमी खातो. एसीने खोली तापवायच्या मानाने बिलात फरक पडतो.

नवीन माणूस टेबल आणतो, रजई टाकतो आणि म्हणतो, बूड गारच आहे. कारण ऊब खाली चटईतून निघून जाते. आधी चांदीसारख्या चकाकीचं पातळ फोम अंथरा, त्यावर जाड गालिचा आणि मग कोतात्सु. एका बाजूला भिंतीशी टेकायला पाठीची बैठक ठेवा. घरून गोधडी आणली असेल तर ती रजईखाली एक थर म्हणून घाला. जुन्या नऊवारीची आमची गोधडी पाहून शेजारच्या आजींनी तिचे टाके बोटांनी मोजले. त्यांच्याकडेही जुन्या कपड्यांचे थर एकमेकांवर ठेवून धावदोऱ्याने शिवायची 'साशिको' आहे. त्यानंतर भाषा येत नसल्याची माझी भीती निम्मी कमी झाली.

कोतात्सुतून उठवत नाही, हा त्याचा मोठा दोष. सगळं हाताशी ठेवायची सवय लागते: संत्र्यांची टोपली, पुस्तक, फोन, चहाचा थर्मास. तिथेच झोपून जाऊ नका. घसा कोरडा पडतो, अंगातलं पाणी कमी होतं आणि पाय भाजतात. भाजणं म्हणजे चटका नव्हे, 'कमी तापमानाचं भाजणं'. ४४ अंशांची वस्तू तीन-चार तास एकाच जागी टेकून राहिली तरी त्वचा आतून भाजते, झोपेत ते कळतही नाही. मधुमेहामुळे पावलांना बधिरपणा असलेल्या आईवडिलांना इथे बोलावणार असाल, तर हे आधी त्यांना सांगा.

झोप

रात्री हीटर बंद म्हणजे सकाळी खोली पाच-सहा अंशांवर. यावर उपाय 'युतांपो', म्हणजे आपली शेकायची पिशवी, पण पत्र्याची किंवा जाड प्लॅस्टिकची आणि दोन-तीन लिटरची. झोपायच्या अर्धा तास आधी गरम पाणी भरून, कापडी पिशवीत घालून अंथरुणात पायांच्या जागी ठेवा. झोपताना बाहेर काढा किंवा पायापासून लांब ढकला, वर सांगितलेलंच कारण. पत्र्याची असेल तर काठोकाठ भरा, अर्धवट भरली तर गार होताना पत्रा आत ओढला जातो. सकाळी तेच कोमट पाणी तोंड धुवायला. पाणी वाया घालवायचं नाही हा संस्कार दोन्हीकडे सारखाच.

थंडीची लाट सांगितली असेल त्या रात्री नळ बारीक धारेने चालू ठेवा किंवा जमिनीजवळची चावी फिरवून नळीतलं पाणी उतरवून टाका. घरमालकाला ती चावी कुठे आहे ते बर्फ पडायच्या आधी विचारा. मी जानेवारीत विचारली, तेव्हा तिच्यावर दीड मीटर बर्फ होता.

अंगावर

कपड्यांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. अंगाला सुती बनियन नको, घाम धरून गार पडतं. वरून पातळ गरम थर, मग स्वेटर आणि घरात 'हान्तेन', म्हणजे कापूस भरलेलं अर्ध्या बाहीचं, दिसायला ढगळ, पण ज्याच्याशिवाय मी आता चहा करायलाही उठत नाही असं जाकीट. 'हारामाकी' पोटाला गुंडाळायचा पट्टा, बाळंतिणीच्या पट्ट्यासारखा. हसू नका, पोट गरम राहिलं की बोटं गरम राहतात. 'काइरो' ही खिशातली पुडी. आत लोखंडाचा कीस, मीठ, कोळशाची भुकटी, पाणी. हवा लागली की कीस गंजतो आणि गंजताना तापतो, दहा-बारा तास. कपड्यावरून कमरेला चिकटवा, कातडीला नाही. बाहेर गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, आतून मऊ. चामड्याचे शहरी बूट कपाटात राहू द्या. कानटोपी घरूनच आणा, इथे आपल्यासारखी हनुवटीखाली बांधायची मिळत नाही.

आंघोळ

सकाळची आंघोळ सोडा. हे मला सर्वांत जड गेलं. इथे आंघोळ संध्याकाळी, झोपायच्या आधी आणि टबात गळ्यापर्यंत बुडून. आधी बाहेर साबणाने स्वच्छ धुवायचं, मगच टबात. तेच पाणी घरातले सगळे वापरतात. पाणी ४१ अंशांच्या वर नको, दहा मिनिटं पुरे. कपडे बदलायची जागा गारठलेली आणि पाणी कढत असेल तर रक्तदाब एकदम वरखाली होतो, वयस्कर माणसं यात दगावतात. आंघोळीआधी टबाचं झाकण काढून वाफ पसरू द्या आणि बदलायच्या जागी छोटा विजेचा हीटर लावा.

डिसेंबरच्या २१-२२ तारखेला, वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी, टबात 'युझु' नावाची लिंबाच्या जातीची पिवळी फळं सोडतात. आमच्याकडे त्या दिवशी मी उटणंही लावते. अभ्यंगस्नान महिनाभर उशिरा, असं समजायचं.

जवळपास गरम पाण्याचा झरा असेलच. आमच्या बाजूला मात्सुनोयामा आहे. तिथलं पाणी खारट, अंगावर मिठाचा पातळ थर राहतो आणि बाहेर आल्यावरही बराच वेळ थंडी वाजत नाही. काहीशे येनमध्ये तासभर बसता येतं. बायकांचं वेगळं, पुरुषांचं वेगळं, पण आत कपडा चालत नाही. पहिल्यांदा लाजेने जीव जातो. दुसऱ्यांदा कळतं की कुणाचंही तुमच्याकडे लक्ष नाही, सगळे गुडघेदुखीबद्दल बोलत असतात.

चूल

हा भाग कोशिहिकारी तांदळाचा. चिकट, गोडसर. याची मसालेभाताशी गाठ घालू नका, दोघांचाही अपमान होतो. पण मऊ भात, मेतकूट, तूप आणि लिंबाचं लोणचं यासाठी मला दुसरा तांदूळ आता नको वाटतो. तुपासाठी बिनमिठाचं लोणी दुकानात मागा, साधं लोणी बहुधा खारवलेलं असतं. ताजा कढीपत्ता, फळं विमानातून आणू नका, विमानतळावर काढून घेतात. मेतकूट, गोडा मसाला, कुळथाचं पीठ, सुंठ एवढं बॅगेत पुरे.

गुळाची अडचण वाटत असेल तर ओकिनावाची काळी साखर घ्या. चवीला काकवीजवळची, खडे गुळासारखे. तीळ तर इथे घरोघरी. संक्रांतीला काळ्या साखरेचा पाक करून भाजक्या तिळाच्या वड्या थापल्या आणि सात घरी दिल्या. 'गोड बोला' हे भाषांतर करून सांगताना मात्र फजिती झाली, आजींना वाटलं मी त्यांना तक्रार करते आहे.

इथल्या स्वयंपाकातलं 'नोप्पे' शिकून घ्या: अळकुड्या, गाजर, मुळा, आळंबी यांचा पातळ रस्सा. अळकुड्यांनी तो आपोआप दाटसर होतो. गावात कुणी देईल ते माशांच्या पाण्यात केलेलं असतं, शाकाहारी असाल तर आधी सांगा आणि घरी 'कोम्बु' हे समुद्री पान भिजवून त्या पाण्यात करा. वरून हिंग-जिऱ्याची फोडणी दिली तर कुणी पोलिसांत देत नाही. जवळच्या त्सुनानमध्ये गाजरं शेतात बर्फाखालीच ठेवतात आणि वसंतात खणून काढतात. गोठू नये म्हणून गाजर आपल्या पोटातली साखर वाढवतं. त्या गाजरांचा हलवा करताना साखर निम्मी घाला.

'आमाझाके' हे तांदळाचं गोड, कोमट पेय आल्याचा रस घालून संध्याकाळी प्या. तांदळाच्या बुरशीपासून केलेल्यात मद्य नसतं, साकेच्या चोथ्यापासून केलेल्यात थोडं असू शकतं. पाकिटावर बघून घ्या.

बर्फ पडलेली सकाळ

पहाटे तीनच्या सुमाराला बर्फ ढकलणारी गाडी येते. रस्ता साफ करते आणि तुमच्या फाटकासमोर गुडघाभर भिंत रचून जाते. तिच्यावर चिडून उपयोग नाही. सातच्या आत वाट काढा, कारण शेजारी सहालाच काढून मोकळे झालेले असतात. अवजार 'मामासान डंप' नावाचं, दांड्याची मोठी खोरी. उचलायची नसते, ढकलायची असते. फावड्याने उचलत बसलात तर तिसऱ्या दिवशी कंबर धरते. बर्फ रस्त्यावर लोटू नका. गावात त्यासाठी वाहत्या पाण्याचे नाले असतात, ठरलेल्या वेळी झाकण उघडून त्यात टाकायचा आणि झाकण लगेच लावायचं. माणसं त्यात पडतात.

छपरावर एकट्याने चढू नका. पहिल्या वर्षी तर नकोच. दरवर्षी जपानात छपरावरचा बर्फ काढताना माणसं मरतात, आणि त्यात बहुतेक आयुष्यभर हेच काम केलेले म्हातारे असतात. गावाच्या कार्यालयात विचारलं तर काम करणाऱ्यांची नावं मिळतात. पैसे द्या. पागोळ्यांखाली उभं राहून फोनवर बोलू नका.

गाडी असेल तर बर्फाचे टायर नोव्हेंबरमध्येच घाला, रात्री वायपर उभे ठेवा आणि हँडब्रेक ओढू नका, गोठतो. बर्फात अडकलात आणि इंजिन चालू ठेवायचं असेल, तर मागच्या धुराच्या नळीभोवतीचा बर्फ आधी उकरा. गाडीत घोंगडं, पाणी आणि छोटं फावडं कायम हवं.

दारात कधी न सांगता मुळे, कोबी, लोणच्याचा डबा ठेवलेला दिसेल. कुणी ठेवला कळत नाही, चिठ्ठी नसते. डबा रिकामा परत करू नका. मी त्यात शेवेच्या वड्या घालते, सगळ्यांना आवडतात, तिखट मात्र अगदी नावाला.

मार्च-एप्रिल

कोतात्सु काढायची घाई करू नका, एप्रिलातही संध्याकाळी लागतो. रॉकेल संपवत आणा, हीटरची टाकी कोरडी करा, रजया उन्हात टाका. खिडक्यांवरच्या फळ्या सगळे काढतात तेव्हाच काढा. मग वितळणाऱ्या बर्फाच्या कडेने 'फुकिनोतो' वर येतात, फिकट हिरवे, मिटलेल्या मुठीसारखे कोंब. आजींनी पहिल्यांदा दाखवले तेव्हा मी चावून पाहिला, कारल्याइतका कडू. त्या तेंपुरा करतात. मी डाळीच्या पिठात ओवा घालून भजी केली आणि गरम गरम त्यांच्या दारात नेऊन दिली. या वर्षी त्यांनी स्वतःच कोंबांची टोपली आणून ठेवली, वर बेसनाचं पाकीट.